आधी धीर की आधी काम?

आत्मविश्वास आला की बोलायला उभे राहायचे, की उभे राहून बोलल्यावर आत्मविश्वास येतो? हा प्रश्न समुपदेशकांकडे, शिक्षकांकडे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडे या ना त्या रूपात सतत येत असतो. मुलाखतीला जायचे आहे, पण धीर होत नाही. स्कूटर शिकायची आहे, पण हात थरथरतात. सभेत मुद्दा मांडायचा आहे, पण घशाला कोरड पडते. विचारणाऱ्याने मनाशी एक क्रम धरलेला असतो: आधी काळजी जायला हवी, मग आत्मविश्वास यायला हवा आणि मग काम हाती घ्यायचे. मानसशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत केलेले प्रयोग पाहिले तर हा क्रम उलटा ठरतो. काम आधी होते, धीर त्याच्यामागून येतो आणि काळजी जाते ती बहुधा सगळ्यांत शेवटी. हे का, ते समजण्यासाठी आधी काळजीचेच स्वरूप पाहावे लागते.

१. भीती, काळजी आणि विचार

पायवाटेवर साप दिसला की वाटते ती भीती. तिचे कारण डोळ्यांसमोर असते. साप निघून गेला की तीही ओसरते. काळजीचे कारण समोर नसते. ते पुढे कधीतरी, 'समजा असे झाले तर' या रूपात असते, त्यामुळे ते निघूनही जात नाही.

मुलगी रोज रात्री पावणेनऊला कामावरून घरी पोचते. एके दिवशी नऊ वाजतात, फोन लागत नाही. पहिल्या पाच मिनिटांत मनात येते की लोकल उशिरा असेल. दहाव्या मिनिटाला गर्दीत कोणी ढकलले तर नसेल, असे वाटू लागते. सव्वानऊपर्यंत हॉस्पिटल, पोलीस स्टेशन, नातेवाइकांना काय सांगायचे, इथपर्यंत मजल जाते. साडेनऊला दारावरची बेल वाजते आणि फोनची बॅटरी संपली होती एवढेच निघते. मन चिंती ते वैरीही न चिंती, असे म्हणतात ते अशा अर्ध्या तासाच्या अनुभवातूनच.

विचार आणि काळजी यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. 'तिच्या मैत्रिणीला फोन करून पाहावा' हा विचार आहे; त्यातून एक कृती निघते आणि तो तिथे थांबतो. काळजीतून कृती निघत नाही, फक्त पुढचा 'समजा' निघतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल द्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून या विषयावर काम केले. त्यांच्या मांडणीप्रमाणे, फार काळजी करणाऱ्या माणसाला संकटाइतकीच, किंबहुना जास्तच, अनिश्चितता सोसत नाही. काही लोकांना वाईट निकाल परवडतो, पण निकालाची वाट पाहणे परवडत नाही, ते यामुळेच.

२. छाती धडधडते ती कशासाठी

काळजी मनात सुरू होते, पण तिचा पहिला पुरावा शरीर देते. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचनाकडे जाणारे रक्त कमी होऊन ते हातापायांच्या स्नायूंकडे वळते. पोटात गोळा येतो तो त्यामुळे. लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडे पडते. तळहातांना घाम सुटतो.

वाघापासून पळताना हे सारे उपयोगाचे. अडचण अशी की, शरीराची ही यंत्रणा वाघ आणि विभागप्रमुख यांत फारसा भेद करत नाही. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला पळायचे नसते, तरी त्याचे पाय पळायला तयार झालेले असतात. ही धडधड जाणवली की तो दुसरा निष्कर्ष काढतो: 'छाती धडधडते आहे, म्हणजे माझ्याने हे होणार नाही.' धडधड हा तयारीचा परिणाम असतो आणि तो मात्र तिला नालायकीचे लक्षण मानतो.

संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच जागी बोट ठेवतात. लोकांसमोर गाणे म्हणणे, भाषण देणे, गणिते सोडवणे अशा कामांआधी काहींना स्वतःला 'शांत हो' असे बजावायला सांगितले, तर काहींना 'मला उत्सुकता वाटते आहे' असे म्हणायला सांगितले. दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. उधाणलेले शरीर हुकूम देऊन शांत होत नाही. त्या उधाणाचे नाव मात्र बदलता येते.

अगदीच आवरेनासे झाले तर एक शारीरिक उपाय झटपट लागू पडतो, तो म्हणजे श्वास सोडण्याचा वेळ वाढवणे. श्वास आत घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो आणि सोडताना किंचित मंदावतो; हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत घडते. चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा किंवा आठ अंक मोजत तो सोडावा. दोन-तीन मिनिटांत फरक जाणवू लागतो. यासाठी आसन, संगीत किंवा मोबाइलवरचे ॲप यांपैकी काहीच लागत नाही. दिवसाचा पाचवा-सहावा चहा किंवा कॉफी मात्र या वेळी टाळलेली बरी. त्यातले कॅफिन हीच धडधड वाढवते.

३. काळजी इतकी चिवट का

शरीराचे उधाण काही वेळात ओसरत असेल, तर काळजी वर्षानुवर्षे का टिकते? कारण माणूस ती तपासूनच पाहत नाही.

टाळणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण. सभेत बोलायची भीती वाटते म्हणून माणूस सभेलाच जात नाही. त्या क्षणी जिवाला खरोखर बरे वाटते आणि तीच खरी गोम आहे. टाळाटाळीतून मिळणारी सुटका सावकाराच्या कर्जासारखी असते: आजची गरज लगेच भागते, पण पुढच्या वेळी देणे वाढलेले असते. गेल्या सभेला गेलो नाही, यंदा जायचे तर 'इतके दिवस कुठे होता' हेही ऐकावे लागेल, अशी नवी भर पडते. शिवाय सभेला गेलो असतो तर नेमके काय झाले असते, हे कधी कळतच नाही.

दुसरे कारण म्हणजे पुन्हा पुन्हा खात्री करून घेणे. कुलूप चार वेळा ओढून पाहणे, 'सर रागावले तर नाहीत ना?' असे तीन सहकाऱ्यांना विचारणे, गॅस बंद आहे का ते जिन्यावरून परत येऊन बघणे. प्रत्येक वेळी मिळणारी खात्री थोडा वेळ पुरते आणि मग आणखी एका खात्रीची गरज लागते.

तिसरे कारण जरा मजेशीर आहे. काळजी केलेली गोष्ट घडली नाही की तिचे श्रेय काळजीला मिळते. देवाला नारळ बोलला म्हणून मुलगा पास झाला, की अभ्यास केला म्हणून, हा हिशेब जसा कोणी मांडत नाही, तसाच हाही कोणी मांडत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात लाफ्रेनिअर आणि न्यूमन या संशोधकांनी तो मांडला. अतिकाळजीच्या विकाराने त्रस्त असलेल्या २९ जणांनी दहा दिवस आपापल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढच्या महिन्याभरात त्यांतल्या किती खऱ्या झाल्या, हे तपासले. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा की, सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. अभ्यास लहान होता, त्यामुळे नेमक्या आकड्याला फार कवटाळू नये. पण आपली भाकिते किती फसली हे स्वतःच्या डोळ्यांनी ज्यांना जास्त दिसले, त्यांची काळजीही या नोंदींच्या उपचारात जास्त उतरली, हे त्यातले खरे महत्त्वाचे निरीक्षण.

४. आत्मविश्वास कशाचा बनतो

'मी चांगला माणूस आहे' असे वाटणे आणि 'हे काम माझ्याने होईल' असे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आत्मसन्मान म्हणावे, दुसरीला आत्मविश्वास. एखाद्या उत्तम शल्यविशारदाला नदीत पोहायचा धीर होत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणजे आत्मविश्वास सरसकट असा नसतो, तो कामागणिक वेगळा असतो. 'माझ्यात आत्मविश्वासच नाही' हे वाक्य म्हणूनच जवळजवळ नेहमी चुकीचे असते. कशाचा नाही, हे विचारले की प्रश्न एकदम लहान होतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये या कामागणिक विश्वासाची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते तो चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, विश्वासातल्या माणसाने 'जमेल तुला' असे म्हटल्याने आणि स्वतःच्या शरीराच्या खुणा वाचल्याने. चौथ्या वाटेबद्दल वर आलेच आहे. चारही वाटा सारख्या रुंद नाहीत. स्वतः करून पाहण्याइतका पक्का विश्वास दुसऱ्या कशानेही येत नाही; नुसत्या शब्दांनी आलेला विश्वास पहिल्या अपयशालाच उतरतो.

बंडुरा यांचे एक गाजलेले काम सापांना घाबरणाऱ्या माणसांवरचे आहे. ही भीती इतकी होती की, काहींनी बागकाम किंवा रानात फिरणे सोडून दिले होते. त्यांना कोणी धीराचे भाषण दिले नाही. शेजारच्या खोलीतून काचेपलीकडे, एक माणूस बिनविषारी साप हाताळतो आहे, एवढेच आधी पाहायचे. मग दाराशी उभे राहायचे. मग खोलीत यायचे. मग जाड हातमोजे घालून सापाला बोट लावायचे, पुढे मोजे काढून, आणि शेवटी साप मांडीवर. बहुतेकांना हे काही तासांत जमले. पुढे जे कळले ते जास्त नवलाचे होते. यांतल्या काहींनी सांगितले की, सापाची भीती गेल्यावर इतर कामांतही, जसे लोकांसमोर बोलण्यात, त्यांना पूर्वीपेक्षा मोकळे वाटू लागले. एका कामात मिळवलेला धीर थोडाफार दुसरीकडेही झिरपतो.

आरशासमोर उभे राहून 'मी यशस्वी होणारच' असे रोज वीसदा म्हणावे, असा सल्ला देणाऱ्या पुस्तकांचा बाजारात सुकाळ आहे. वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या उपायाची परीक्षा घेतली. स्वतःबद्दल आधीच बरे मत असलेल्यांना अशा वाक्यांचा किंचित फायदा झाला. ज्यांचे स्वतःबद्दलचे मत वाईट होते, त्यांना ती म्हटल्यावर आणखी वाईट वाटले. कारण समजण्यासारखे आहे. मन त्या वाक्याला लगेच उलट साक्षी काढते. म्हणजे ज्यांना औषधाची गरज, त्यांनाच ते बाधते.

५. ब्राँक्सच्या बागेतला प्रयोग

करून पाहण्याचे एक उदाहरण मानसोपचारांच्या इतिहासात अजरामर झाले आहे. पुढे मानसशास्त्रज्ञ झालेले आल्बर्ट एलिस तेव्हा १९ वर्षांचे होते आणि मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात ते रोज जात, समोरच्या बाकावर कोणी तरुणी दिसली तरी गप्प बसत. शेवटी त्यांनी स्वतःलाच एक काम लावले: महिनाभर, एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्या बाकावर जाऊन बसायचे आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. असे १३० वेळा झाले. ३० जणी उठून निघून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. त्यांतली एकच पुन्हा भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही.

यशाच्या मापाने हा प्रयोग पुरता फसला. पण कोणी किंचाळले नाही, कोणी पोलिसाला हाक मारली नाही आणि एलिस यांची भीती मात्र कायमची गेली. नकार हे संकट नाही, ही गोष्ट त्यांना महिनाभराच्या नकारांतूनच कळली. आजच्या वाचकाने यातली सूचना जपून घ्यावी. बागेत एकटे बसायला आलेल्या बाईलाही निवांतपणाचा हक्क आहे. धडा घ्यायचा तो स्वतःच्या भाकिताला तपासून पाहण्याचा.

पुढे १९५५ च्या सुमारास एलिस यांनी स्वतःची उपचारपद्धती उभी केली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे ती पुष्कळ मराठी वाचकांना माहीत झाली. तिचा गाभा असा: घटना आणि मनःस्ताप यांच्यामध्ये एक धारणा असते, आणि बदलता येते ती धारणा.

जिल्ह्याच्या ठिकाणी शिकलेला एक तरुण पुण्यातल्या कंपनीत इंग्रजीतून मुलाखत द्यायला जातो. इंग्रजीत अडखळणे ही घटना. हात गार पडणे, आवाज न फुटणे हा परिणाम. मधली धारणा अशी: 'माझे इंग्रजी अस्खलित असायलाच हवे, अडखळलो तर मी गावंढळ ठरेन आणि ते मला सहन होणार नाही.' या वाक्यात एक हट्ट आहे, एक शिक्का आहे आणि एक अतिशयोक्ती आहे. तिघांना वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. अस्खलित असायलाच हवे हा नियम कोणी केला? एका वाक्यात अडखळल्याने सगळा माणूस कसा ठरतो? याआधी अडखळल्यावर ते सहन झाले नव्हते का? उत्तरे प्रामाणिकपणे दिली तर उरते ते असे: 'इंग्रजी चांगले बोलता आले तर उत्तम. अडखळलो तर वाईट वाटेल, कदाचित नोकरी हुकेल. पण मी दुसरीकडे अर्ज करू शकेन.' या दुसऱ्या धारणेने काळजी शून्य होत नाही. ती इतपत होते की तोंडातून शब्द फुटतो.

६. पायऱ्या कशा आखाव्यात: ग्रामसभेचे उदाहरण

धारणा तपासली तरी काम उरतेच आणि ते एकदम सगळे करायचे नसते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. त्यातून हजारो स्त्रिया आयुष्यात प्रथमच सार्वजनिक ठिकाणी बोलायला उभ्या राहिल्या. समजा, अशाच एका नव्या सदस्याला वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचा प्रश्न मांडायचा आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, गावकीसमोर, माइक हातात घेऊन. नुसत्या कल्पनेनेच तिच्या हाताला कंप सुटतो.

पहिले काम म्हणजे शून्य ते शंभर अशी पट्टी धरून प्रसंगांना गुण देणे. बचत गटाच्या बैठकीत मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचणे: २०. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत एक प्रश्न विचारणे: ४०. महिला सभेत टाकीचा मुद्दा मांडणे: ५५. ग्रामसभेत लिहून आणलेली तीन वाक्ये वाचणे: ७५. ग्रामसभेत कोणी उलट विचारले तर उत्तर देणे: ९०. महाराष्ट्राच्या कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात मानसशास्त्र असो वा नसो, नेमकी मधली पायरी त्यांनी बांधून ठेवली आहे. ती सभा कागदोपत्री उरकली जाते तिथे बायकांची ही पायरीच काढून घेतली जाते.

पट्टीवर खालून सुरुवात करावी. एक पायरी निम्म्याने सोपी वाटू लागेपर्यंत तिथेच राहावे; इतिवृत्त चार बैठकांत वाचावे लागले तरी चालेल. धडधड ऐन भरात असताना मध्येच उठून जाऊ नये, कारण मन तेवढेच लक्षात ठेवते की निघालो म्हणून वाचलो. मुद्द्याची तयारी मात्र पक्की हवी: टाकीची क्षमता किती, वस्तीत घरे किती, पाणी किती दिवसांआड येते. आत्मविश्वासाच्या नावाखाली माहितीची उणीव झाकता येत नाही आणि आकडे पाठ असले की बोलणाऱ्याचे निम्मे लक्ष आपोआप स्वतःवरून उडते.

आणखी एक गोष्ट या पायऱ्यांवर घात करते, ती म्हणजे कुबड्या. शेजारी नवरा बसलेला असावा, अडले की तोच बोलेल, ही व्यवस्था सोयीची वाटते. सरपंचबाईंच्या खुर्चीमागून कारभार करणारे पतिराज गावोगावी आहेत. त्यांत सत्तेचा लोभ आहेच, पण बाईच्या बाजूने पाहिले तर ती एक कुबडीसुद्धा आहे. सभा पार पडते, श्रेय कुबडीला जाते आणि धीर जिथल्या तिथे राहतो.

प्रत्येक पायरीसाठी वहीच्या एका पानावर दोन नोंदी कराव्यात, एक आधी आणि एक नंतर. महिला सभेआधीची नोंद: 'आवाज कापेल. सगळ्या हसतील. मधेच विसरेन.' नंतरची नोंद: 'आवाज कापला. कोणी हसले नाही. घरांचा आकडा विसरले, कागदात बघून सांगितला. मागे बसलेल्या दोघी मोबाइलमध्ये होत्या. ग्रामसेवकांनी टाकीचा मुद्दा लिहून घेतला.' तीन भाकितांपैकी एक पूर्ण खरे, एक अर्धे, एक खोटे. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की पुराव्याने बोलणारी वही तयार होते.

मोबाइलमध्ये गुंतलेल्या त्या दोघींकडे दुर्लक्ष करू नये. कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवले. निम्म्या वर्गाच्या तो लक्षात येईल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांच्या तो लक्षात आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ सोपा आहे. ज्याला त्याला स्वतःचीच पडलेली असते.

लोक कधीकधी खरोखर हसतात, हेही सांगितले पाहिजे. बाईने तोंड उघडले की टवाळी करणारे सभेत असतात आणि ती टवाळी तिच्या मनाचा खेळ नसतो. तिथे दुरुस्ती सभेची व्हायला हवी. अध्यक्षाने टवाळखोराला गप्प करायला हवे. सगळा दोष बोलणारीच्या आत्मविश्वासावर टाकणे हा चलाखीचा युक्तिवाद आहे.

७. काळजीला वेळ नेमून देणे

ग्रामसभेसारख्या प्रसंगाला तारीख असते. रोजच्या काळज्यांना ती नसते. त्या रात्री दिवा मालवला की येतात. त्या मनातून हाकलून लावण्याचा प्रयत्न बहुधा अंगाशी येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले आणि तो आला की घंटी वाजवायला सांगितली. घंट्या वाजतच राहिल्या. 'विचार करू नकोस' हा सल्ला इतक्या प्रेमाने दिला जातो आणि इतका निरुपयोगी असतो, त्याचे कारण हेच.

पेन स्टेटचे टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकारी यांनी १९८३ मध्ये दुसरा मार्ग सुचवला. काळजीला बंदी करू नये, वेळ द्यावी. रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास. दिवसभरात काळजी उगवली की ती ओळखायची, चिठ्ठीवर दोन शब्दांत टिपायची आणि त्या अर्ध्या तासापर्यंत पुढे ढकलायची. जागा पलंगाची नको आणि वेळ झोपेआधीची नको. संध्याकाळी साडेसहा ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, असे काहीही चालेल.

समजा, एका गृहस्थांच्या चिठ्ठीवर तीन नोंदी आहेत: मुलीची वसतिगृहाची फी, आईचा रिपोर्ट, कंपनीत कर्मचारी कपात होणार ही कुजबुज. साडेसहाला ते वही उघडतात. फी १५ तारखेपर्यंत भरायची आहे आणि काही हजार कमी पडतात. यावर कृती आहे, उद्या अकरा वाजता पतपेढीत जाऊन कर्जाची चौकशी. आईचा रिपोर्ट गुरुवारी मिळणार. त्याआधी करण्यासारखे काही नाही, म्हणून तिथे फक्त 'गुरुवार' लिहायचे. कपातीची बातमी अर्धी हातात आहे, अर्धी नाही. कपात रोखता येत नाही, पण रविवारी स्वतःची माहितीपत्रिका अद्ययावत करता येते आणि दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करता येतो. वही मिटेपर्यंत वीस मिनिटे झालेली असतात. दुपारी डोंगराएवढ्या वाटलेल्या काही काळज्या संध्याकाळपर्यंत चिठ्ठीवर वाचताना ओळखूही येत नाहीत, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

झोपेच्या वेळी मनात उद्याच्या कामांची रांग लागत असेल तर तीही कागदावर उतरवावी. बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितका फायदा जास्त. 'बँक' असे न लिहिता 'बँकेत जाऊन केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणे' असे लिहावे.

८. वही पुरेशी नसते तेव्हा

वर सांगितलेले उपाय रोजच्या काळजीसाठी आहेत. काळजी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस राहते, आवरू म्हटल्याने आवरत नाही, तिच्यापायी झोप, भूक, कामावरचे लक्ष बिघडते, स्नायू सतत ताणलेले असतात, तेव्हा तो विकार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. अचानक छातीत धडधड, गुदमरल्यासारखे होणे, आता मरतो की काय असे वाटणे, असे झटके येत असतील तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे काम वाढले की हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात.

विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी उपचारपद्धती अशा विकारांत चांगली उपयोगी पडते. तिची पायाभरणी एलिस आणि ॲरन बेक यांनी केली. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात. ती त्यांच्या सल्ल्याशिवाय सुरूही करू नयेत आणि मध्येच बंदही करू नयेत. शेजाऱ्याला लागू पडलेली झोपेची गोळी मागून घेणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. दारूने काळजी एक रात्र दबते आणि दुसऱ्या सकाळी वाढून परत येते.

जगण्यात अर्थ नाही असे विचार मनात येत असतील तर वाट पाहू नये, त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.